खांद्यावरचें रंगमंदिर

कुडाळच्या बाजूस राहणाऱ्या एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या गांवच्या उत्सवमंडळाजवळ वर्गणीचे कांहीं पैसे शिल्लक उरले आहेत, आणि जत्रांतून कळसूत्री बाहुल्यांचा खेळ व चित्रकथी करणाऱ्या एका कुटुंबास त्यांतून एक फिरतें रंगमंदिर करून द्यावें, असें मंडळाच्या मनांत आहे. पत्रासोबत आराखडाही आला आहे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, बारा फूट लांब, दहा फूट रुंद व तीन फूट उंच असा फळ्यांचा चौथरा, वर पत्र्याचें छप्पर, आणि दर्शनी बाजूस देणगीदारांच्या नांवांची कमान. "आपला संस्कृत नाट्यशास्त्राशीं परिचय आहे, तरी शास्त्रदृष्ट्या यांत कांहीं उणें असल्यास कळवावें," असें बाईंनीं विनयानें लिहिलें आहे.

उणें कांहींच नाहीं. जें आहे तें अधिक आहे, आणि तेंच या आराखड्याचें दुखणें होय. बारा गुणिलें दहा म्हणजे १२० चौरस फूट. पाऊण इंच जाडीच्या प्लायवुडचें वजन चौरस फुटास किलोच्या थोडें वर भरतें. म्हणजे नुसत्या चौथऱ्याच्या फळ्याच १२० ते १३० किलोंच्या झाल्या. त्यांत नळ्या, पत्रे व कमान मिळवा. असें रंगमंदिर एका जत्रेंतून दुसऱ्या जत्रेंत न्यावयाचें तर दर खेपेस टेंपो पाहिजे आणि चढवावयास-उतरवावयास चार गडी पाहिजेत. खेळवाल्या कुटुंबास मिळणारी बिदागी आधीं टेंपोवाल्याच्या हातांत पडेल, व उरलेंसुरलें घरीं जाईल. मग पुढें काय व्हावयाचें तें सांगण्यास ज्योतिषी नको. पहिल्या वर्षीं समारंभ होईल. दुसऱ्या वर्षीं तो सांगाडा देवळाच्या धर्मशाळेंत येऊन पडेल. तिसऱ्या वर्षीं त्याच्या फळ्यांवर तांदळाचीं पोतीं रचलीं जातील. शाळांस मिळालेल्या अशा देणग्यांची गत आम्हीं नोकरीच्या काळांत पुष्कळ पाहिली आहे.

शास्त्राचाच आधार घ्यावयाचा तर थोरल्या रंगमंदिराचा मोह भरतमुनींनीं स्पष्टपणें निषिद्ध ठरविला आहे. आकारानें लांबट, चौरस व त्रिकोणी, आणि मापानें १०८, ६४ व ३२ हातांचीं अशीं नाट्यगृहें सांगून झाल्यावर मर्त्यांसाठीं त्यांनीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद हें मधलें मापच पसंत केलें. कारण दिलें तें अगदीं व्यवहारांतलें: गृह याहून मोठें झालें कीं नटाचा शब्द विरून जातो आणि त्याच्या मुद्रेवरचे भाव दिसेनासे होतात. हात दीड फुटाचा धरिला तर ६४ हात म्हणजे ९६ फूट. त्यांतील निम्मी जागा रंग व नेपथ्य यांकडे जाते, निम्मी प्रेक्षकांस उरते. म्हणजे अगदीं शेवटचा प्रेक्षक रंगापासून ४८ फुटांवर बसला. ही गोष्ट साडेतीन हात उंचीच्या, हाडामांसाच्या नटाची. बाहुली हातभर उंचीची धरली, तर त्रैराशिक मांडून पाहावें: साडेतीन हातांच्या नटास ४८ फूट, तर एका हाताच्या बाहुलीस किती? उत्तर चौदा फुटांच्या आंतबाहेर येतें. चौदा फूट त्रिज्येच्या अर्धवर्तुळांत सुमारें ३०० चौरस फूट जागा होते, आणि मांडी घालून बसणाऱ्यास चार चौरस फूट लागतात असें मानिलें तर तेथें पाऊणशें माणसें मावतात. पाऊणशें माणसांनीं पाहावयाच्या हातभर बाहुलीस एवढा चौथरा म्हणजे मुंगीच्या पाठीवर अंबारी झाली.

आमच्या संस्कृत वाङ्मयांत फिरत्या रंगमंदिराचें एक फार सुरेख चित्र आहे, तें बाणभट्टाच्या हर्षचरितांत. सातव्या शतकांतील गोष्ट. पिता प्रभाकरवर्धन दुखणाईत असल्याचें कळून राजपुत्र हर्ष त्वरेनें राजधानीस परततो, आणि बाजाराच्या रस्त्यांत शिरतांच त्याच्या दृष्टीस एक यमपट्टिक पडतो. त्याच्या डाव्या हातांत उभ्या काठीवर ताणलेला चित्रपट आहे, पटावर रेड्यावर बसलेला यम आहे; दुसऱ्या हातांतील बोरूनें तो परलोकांतील प्रसंग दाखवीत आहे, आणि भोंवतीं कुतूहलानें वेडावलेल्या मुलांचा गराडा पडला आहे. मरणासन्न पित्याकडे निघालेल्या पुत्राच्या वाटेंत कवीनें यम कां उभा केला, तें उघड आहे. आम्हांस मात्र त्या इसमाच्या सामानाचें कौतुक वाटतें: काठी, कापड आणि बोरू. मुद्राराक्षसांत चाणक्याचा हेर निपुणक लोकांच्या घरांत शिरतो, तोही यमपट घेऊनच. हेरानें नेमकें हें सोंग निवडावें यांत या धंद्याचें मर्म आलें. हा मनुष्य कोठेंही उभा राहूं शकतो, आणि वेळ आली तर क्षणांत पट गुंडाळून चालूं लागतो.

तीच रीत आजवर चालत आली आहे. वासुदेवाचें रंगमंदिर त्याच्या टोपीच्या मोरपिसांत, डोंबाऱ्याचें बांबूच्या दोन कैच्या व एक दोर यांत. राजस्थानांत पाबूजीची गाथा गाणारा भोपा कित्येक हात लांबीचा चित्रित पट गुंडाळून खांद्यावर टाकतो. रात्रीं तो दोन काठ्यांवर ताणला, दिवा लावला, कीं त्या जागेचें देऊळ होतें. चितोडजवळच्या बस्सी गांवचे सुतार जी कावड करितात तिची तर तऱ्हाच निराळी. ती लाकडी कवाडांची एक पेटी असते. कावडिया भाट ती कापडांत बांधून यजमानाच्या घरीं नेतो, आणि मोरपिसानें चित्रें दाखवीत एकामागून एक कवाड उघडीत जातो. शेवटचें कवाड उघडलें कीं आंत रामलक्ष्मण व सीता. देवास जाऊं न शकणाऱ्याकडे देवच चालत आला. आणि बाईंच्या शेजारच्याच पिंगुळीस ठाकर मंडळींनीं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या हे तिन्ही खेळ सावंतवाडीकरांच्या आश्रयानें, आणि पुढें आश्रय तुटल्यावर स्वतःच्या हिमतीनें, राखून ठेविले आहेत. त्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देण्यांत आली. चित्रकथीचें सामान तें काय? कागदी चित्रांची एक पोथी, चित्र टेकवावयास फळी, वीणा, टाळ आणि हुडूक.

यावर कोणी विचारील कीं, काठी-कापडावर ज्यांचें इतकीं शतकें भागलें त्यांस नवें रंगमंदिर द्यावेंच कशाला? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर सुतारकामांत नसून कायद्याच्या पुस्तकांत आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा जो कायदा १९५९ सालीं मुंबई राज्यांत झाला, त्यांत भीक या शब्दाची व्याख्या करतांना सार्वजनिक जागीं गाणें, नाचणें, भविष्य सांगणें किंवा खेळ करून दाखविणें या मिषानें दान मागणें हेंही समाविष्ट केलें आहे. पुढें हाच कायदा इतर प्रांतांतही लागू झाला; दिल्लींत २०१८ सालीं तेथील उच्च न्यायालयानें त्यांतील कित्येक कलमें त्या शहरापुरतीं रद्द ठरविलीं. पिढ्यान्‌पिढ्या रामकथा सांगणारा मनुष्य कायद्याच्या भाषेंत भिकारी ठरतो, आणि आपल्यासारख्या सुशिक्षितांच्या घरांतूनही त्याकडे पाहण्याची दृष्टि फारशी निराळी नसते. तो दारांत उभा राहिला तर आपण मुलाच्या हातीं नाणें देऊन त्यास वाटेस लावतों. तोच मनुष्य चार बांबू रोवून, पडदा टाकून, समोर चटई अंथरून बसला, तर आपण पादत्राणें काढून त्याच्या चटईवर जाऊन बसतों. रस्त्यावर तो आपल्या दारांत होता. येथें आपण त्याच्या दारांत आलों. रंगमंदिरानें एवढेंच काम करावयाचें आहे. त्यास छप्पर नसलें तरी चालेल, उंबरठा मात्र पाहिजे.

आतां त्या तीन फूट उंच चौथऱ्याविषयीं. मागच्या लोकांस दिसावें, हा त्यांतील हेतु खोटा नाहीं. परंतु बाहुलीची जात ओळखल्याखेरीज उंचीचा निर्णय करतां येत नाहीं. कळसूत्री बाहुली दोरीनें वरून लोंबते. तिला नाचविणारा तिच्याहून वर असावा लागतो. बाहुलीस तीन फूट उचलावयाचें तर माणसासही तीन फूट उचलणें आलें, आणि माणसास पेलणारा चौथरा हलका होऊं शकत नाहीं. हातमोज्यासारख्या बाहुलीचें उलटें. तींत हात खालून घालावयाचा. माणूस जमिनीवरच उभा राहतो आणि हात डोक्यावर धरितो, तेव्हां बाहुल्या आपोआप सर्व गर्दीच्या डोक्यांवरून दिसतात. इंग्लंडांतील पंच आणि ज्यूडीच्या प्रसिद्ध खेळाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. सॅम्युएल पेपिस यानें ९ मे १६६२ रोजीं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनांत इटालियन खेळवाल्याचा जो खेळ पाहिला तो दोरीच्या बाहुल्यांचा होता. पुढें शें-सव्वाशें वर्षांत दोरीचा पंच मागें पडला व हाताचा पंच रस्त्यावर आला, कारण त्यास एक माणूस व एक कापडी खोपटें पुरे होई. खोपट्याची चौकट व बाहुल्या एकानें पाठीवर घ्याव्या, ढोल व पैशाची थैली दुसऱ्यानें, आणि गांवोगांव चालूं लागावें.

आपल्या कुटुंबानें दोरी सोडून हातमोजा घालावा, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. दोरीच्या बाहुलीची चाल दुसऱ्या कोणत्याही बाहुलीस साधत नाहीं. मग उंची आणावी कोठून? देवळांतून आणावी. कोंकणांतील बहुतेक देवळांस सभामंडपाची जोती असते, पायऱ्या असतात, दीपमाळेचा पार असतो. जें स्थिर आहे तें गांवानें द्यावें, जें चल आहे तेवढेंच कलावंतानें आणावें. राजस्थानचे कठपुतळीवाले तर यजमानाच्या घरच्या दोन खाटा उभ्या करून त्यांवरच आपला पडदा ताणीत आले आहेत.

आमच्या मतें या कामाचें माप फुटांत घेण्यापूर्वीं खांद्यावर घ्यावें. सर्व सामान पंधरा किलोंच्या आंत, दोघांत वांटून नेतां येईल असें. कोणताही तुकडा चार फुटांहून लांब नसावा, म्हणजे एस. टी. च्या गाडींत तो पायांपाशीं आडवा टाकतां येतो व कंडक्टराशीं वाद होत नाहीं. उभारणी पंधरा मिनिटांत व्हावी, आणि घरांतील म्हाताऱ्यास नातवाच्या मदतीनें ती करतां यावी. या शेवटच्या अटीवर आमचा विशेष भर आहे. खेळ करणारे तरणेबांड गडी नोकरीनिमित्त मुंबईस गेलेले असतात, घरीं उरतात तीं म्हातारीं आणि मुलें.

सांगाड्यास लोखंडापेक्षां सिंधुदुर्गाकडचा माणगा बांबू बरा. तो भरीव असतो व पुष्कळ ताण सोसतो. कापल्यावर कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेविला म्हणजे त्यांतील सत्त्व निघून जातें आणि कीड लवकर लागत नाहीं. जोडांस लहान नळकांडीं बसवावीं व बाकी सर्व सुती दोरानें बांधावें. नटबोल्ट शक्य तोंवर टाळावे. जत्रेच्या अंधारांत पडलेला बोल्ट सांपडत नाहीं, व त्याच मापाचा दुसरा गांवांत मिळत नाहीं. दोर तुटला तर दोर कोठेंही मिळतो.

सर्वांत मोठा शत्रु वारा. त्याचा हिशेब मंडळानें केलेला दिसत नाहीं. सहा फूट रुंद व पांच फूट उंच पडद्यावर ताशीं १८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारें चार किलो पडतो. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. म्हणजे ३६ किलोमीटरच्या झोतास तो सतरा किलोंच्या घरांत जातो, आणि पंधरा किलोंचें रंगमंदिर प्रेक्षकांच्या अंगावर येतें. खुंट्या ठोकून हें भागत नाहीं, कारण देवळाचें आंगण जांभ्यानें फरसबंद केलेलें. यास्तव चार रिकाम्या पिशव्या सामानांत असाव्या. मुक्कामास पोंचल्यावर त्या वाळूनें किंवा मातीनें भरून चार पायांस बांधाव्या, आणि निघतांना ओताव्या. वजन वाटेंत वाहूं नये, जागेवर उचलून घ्यावें. पडदा खालून पक्का बांधूं नये. जोराचा झोत आला तर त्यानें फडफडावें व वारा पलीकडे जाऊं द्यावा.

पडद्याचें काम मंडळाच्या महिलांनीं घ्यावें, अशी आमची सूचना आहे. मागचा पडदा काळ्या जाड सुती कापडाचा. चकाकणारें रेशमी वा नायलॉनचें कापड देणगींत आलें तरी घेऊं नये, कारण त्यावर दिवा चमकतो आणि दोऱ्या दिसूं लागतात. काळें सुती कापड उजेड पिऊन टाकतें. वरच्या कडेस बांबू सरकेल असा रुंद नेफा, कोपऱ्यांस दुहेरी कापडाची ठिगळें, आणि खालच्या कडेंत थोडथोडी वाळू भरलेल्या लहान पुरचुंड्या टांचलेल्या. दर्शनी झालर मात्र हवी तितकी रंगीत करावी, तेथें आम्ही आड येत नाहीं. दिव्यासाठीं बॅटरीवरचे दोन लहान दिवे पुरेत. छायाबाहुल्यांचा खेळ असेल तेव्हां मात्र तेलाचा दिवाच ठेवावा असें आमचें मन सांगतें. ज्योत हलते म्हणून सांवली श्वास घेते. ध्वनिवर्धकाचें नांव आम्ही जाणूनबुजून काढलेलें नाहीं. पाऊणशें माणसांपुढें त्याची गरज नाहीं, आणि एकदां तो आला कीं शेजारचा पाळणेवाला त्याहून मोठा आणतो.

एक गोष्ट आमच्या मंडळींस सांगावयास संकोच वाटतो, ती पैशाची. रंगमंदिराच्या आराखड्यांत पैसे कोठें पडावयाचे ती जागा ठरविलेली असलीच पाहिजे. जपानांत १९३० च्या सुमारास टोकियोच्या गल्ल्यांतून कामिशिबाई नांवाचा चित्रकथेचा खेळ भरभराटीस आला. मंदीनें बेकार झालेल्या कित्येकांनीं त्यावर पोट भरलें. सायकलच्या मागें लाकडी पेटी. तिच्या वरच्या भागीं चित्रें सरकवावयाची लहानशी रंगचौकट व खालीं मिठाईचे खण. खेळवाला लाकडी पट्ट्या वाजवून मुलें जमवी, आधीं मिठाई विकी व मग कथा सांगे; मिठाई घेणारा पुढें बसे. तिकीट, दुकान व रंगभूमि एकाच पेटींत आलीं. तेथें दूरदर्शन १९५३ सालीं सुरू झालें, आणि लोकांनीं आरंभीं त्यास विजेची कामिशिबाई असेंच नांव दिलें. पुढें त्या विजेच्या पेटीनें सायकलवरच्या पेटीस रस्त्यावरून हुसकावून लाविलें. आपल्या खेळांत मिठाईचे खण नकोत, पण चौकटीच्या डाव्या खांबास पितळी ताट बसेल असें एक कडें असावें, आणि त्यावर भ्रमणध्वनीनें पैसे देण्याची ती काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची पाटीही लावावी. हल्लीं सुटे पैसे नाहींत ही सबब फार सभ्य माणसें सांगतात.

हा सर्व तपशील आम्हीं लिहिला खरा, परंतु मंडळानें त्यांतील एकही बांबू कापण्यापूर्वीं त्या कुटुंबास बोलावून बसवावें. पत्रांत त्यांचें मत कोठेंच आलेलें नाहीं. त्यांच्या बाहुल्या किती उंचीच्या, दोऱ्या किती लांब, नाचविणारा उभा राहतो कीं बसतो, वाजविणारे कोणत्या हातास बसतात, हें पाहून मग माप धरावें. आधीं जुन्या साड्या व वेळूच्या काठ्या यांची एक कच्ची चौकट करून तींत दोन-तीन जत्रा काढूं द्याव्या. ते जें बदलतील तें बदलावें, जें फेकून देतील तें फेकूं द्यावें, आणि खरी चौकट त्यानंतर बांधावी. बाराशें-पंधराशें रुपयांत कच्चें काम होईल असा आमचा अंदाज आहे. पुढच्या खर्चाची तजवीज मंडळ करीलच.

राहतां राहिली देणगीदारांच्या नांवांची कमान. ती नसावी असें म्हटलें तर वर्गणीदार नाराज होतील, हें आम्ही जाणतों. बस्सीच्या कावडींत यजमानांचींही चित्रें काढण्याची चाल आहे. भाट कथेबरोबर त्यांची वंशावळ गातो, आणि यजमान तें ऐकून संतुष्ट होतात. त्याच न्यायानें मागच्या काळ्या पडद्याच्या आंतल्या बाजूस, नाचविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा जागीं, सर्व नांवें पांढऱ्या दोऱ्यानें भरावीं, आणि खेळाच्या आरंभीं गणपतीच्या स्तवनानंतर तीं त्यानें मोठ्यानें म्हणावीं. भरतकाम बायकांनींच करावयाचें असल्यामुळें नांवें आडनांवासह घ्यावीं कीं नाहीं, तें त्यांनींच ठरवावें.